प्लास्टरमधला चिंचोका

माझ्या खुब्याला क्षय झाला आहे, हे पहिल्यांदा बोललं गेलं तेव्हा मी तिथेच होते. डॉक्टरांच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून पाय हलवत होते. एकच पाय. दुसरा हलवला की दुखायचा, म्हणून तर आलो होतो.

डॉक्टरांनी एक्स-रेची काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि दादांशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. दादा म्हणजे माझे वडील, रेल्वेत कारकून होते. त्यांना इंग्रजी येत होतं. आईला येत नव्हतं, आणि मला येत नाही याची खात्री होती म्हणूनच तर डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. बोलणं संपल्यावर दादांनी आईच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. आईनं पदर तोंडाला लावला.

मी आठ वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत असे. मी जे पाहिलं त्याचा अर्थ लगेच लावला. फोटो माझा काढला, पण रडतेय आई. डॉक्टरांनी सांगितलं दादांना, दादांनी सांगितलं आईला, मला कुणीच काही सांगितलं नाही. ज्याचं दुखणं त्यालाच सांगणार ना? म्हणजे आजारी आई होती. एवढं बारकाईनं ओळखल्याबद्दल मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

आता थोडं मागचं सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं मूल असेल तर त्यांना उपयोग होईल.

आम्ही कल्याणला तळ्याजवळ दोन खोल्यांत राहायचो. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, पण आमच्या घरात नळ काही आलेला नव्हता. विहिरीवरून लहान कळशी भरून आणायचं काम माझं. ते चुकवण्यासाठी मी काय काय केलं नाही! पोट दुखवून घेतलं, डोकं दुखवून घेतलं, एकदा तर कानात मुंगी गेल्याचं सांगून शेजारच्या काकूंकडून कानात कोमट तेलही घालून घेतलं. त्यामुळे एका हिवाळ्यात मी आईला गुडघा दुखतो म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं माझ्याकडे न बघताच कळशी पुढे केली.

मग मी लंगडायला लागले. तेव्हा आई म्हणाली, "पुरे झाली लंगडी, पाय टेक."

खरं सांगायचं तर तिचं चुकलं नव्हतं. माझ्यासारख्या मुलीवर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. पण मी झोपेत कुशीवर वळताना किंचाळू लागले, तेव्हा तिला शंका आली. झोपेत कुणी सोंग करत नाही. दादा मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी गुडघा तपासलाच नाही, थेट खुब्याला हात घातला. त्यांच्या तोंडून नाव आलं 'ट्यूबरक्युलोसिस ऑफ द हिप'. म्हणजे मांडीचं हाड कमरेच्या खोबणीत जिथे फिरतं, त्या सांध्याला झालेला क्षय. हे दुखणं असतं खुब्यात आणि जाणवतं गुडघ्यात. मूल गुडघा दुखतो म्हणालं तर खुबाही बघून घ्या, एवढं माझं ऐका.

आता मी आईला आजारी ठरवून बसले होते, तिकडे वळते.

घरी ठरलं की ठाण्याच्या इस्पितळात जायचं. मला सांगितलं, "मामाकडे चाललोय." मी मनात म्हटलं, यांना वाटतं मला काही कळत नाही. आईला भरती करायला निघालेत आणि मला मामाचं नाव सांगतायत. बरं तर बरं, आपणही तसंच दाखवू. ठाण्याला उतरल्यावर टांग्यात मी आईचा हात धरून बसले. तिला म्हटलं, सुई टोचताना दुसरीकडे बघायचं, मग दुखत नाही. घाबरू नकोस, मी रोज येईन तुला भेटायला. कळशीसुद्धा मीच भरीन.

आई हमसून हमसून रडू लागली. मला वाटलं, बिचारी फारच घाबरलीय.

वॉर्डमध्ये दोन्ही बाजूंनी लोखंडी खाटा होत्या. एक मोकळी होती. मी तिच्यावरची चादर हातानं सारखी केली आणि आईला म्हटलं, "झोप तू." तेवढ्यात मोठ्या सिस्टरांनी मला काखेत धरून उचललं आणि त्या खाटेवर ठेवलं.

त्या वेळी माझं तोंड कसं झालं असेल ते बघायला मी आज पैसे देईन.

सिस्टर वसईकडच्या होत्या, आवाज खणखणीत. त्यांनी मला खिडकीबाहेरची चिंच दाखवली आणि म्हणाल्या, बघ, फांदीवर पोपट बसलाय. मी मान वळवली. पोपट काही दिसेना. मान परत फिरवली तर आई नाही, दादाही नाहीत.

शेजारच्या खाटेवर हिरू म्हणून माझ्याच वयाची मुलगी होती. तिचे वडील खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते. तिचा पाय आधीच वजनाला बांधलेला होता. ती शांतपणे म्हणाली, "तुजी आयस पलाली गो. माजी पन तशीच पलालेली."

मूल सोडून जायचं तर त्याचा डोळा चुकवून जायचं, अशीच त्या काळची रीत होती. बाजारात जाताना, गावाला जाताना, सगळ्या आया तसंच करत. सांगून गेलं तर मूल रडेल, न सांगता गेलं तर आपल्यासमोर तरी रडणार नाही. यात काही गैर आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. आईच्या आईनंही तेच केलं असणार.

मी त्या दिवशी रडले नाही. मला राग आला होता. टांग्यात दिलेला माझा सगळा धीर फुकट गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. आधी ट्रॅक्शन. म्हणजे पायाला पट्ट्या चिकटवायच्या, त्यांना दोरी बांधायची, दोरी कप्पीवरून खाली सोडायची आणि टोकाला वजन अडकवायचं. आखडलेला पाय हळूहळू सरळ होतो. खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवलेल्या असायच्या, त्यामुळे डोकं खाली आणि पाय वर. जग उलटं दिसायचं. स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन रोज. क्षयावरचं ते औषध तेव्हा आपल्याकडे नव्यानंच मिळू लागलं होतं. ते आलं म्हणूनच आज मी हे लिहितेय. आणि पी.ए.एस. नावाची पावडर. तीही क्षयावरचीच, पण चव अशी की मी ती थुंकायचे, तीही नेम धरून.

भेटायला आठवड्यातून दोनदाच सोडत, बुधवारी आणि रविवारी. पहिल्या रविवारी आई आली ती डब्यात शिरा घेऊन. साजूक तुपातला, वेलची घातलेला. मी बोलणार नव्हते, पण शिऱ्यानं माझा निश्चय मोडला. पहिला घास गोड लागला. दुसऱ्यात ती पावडर होती.

सिस्टरांनीच ती वॉर्डच्या दाराशी आईला दिली होती, मी थुंकते म्हणून. मी आईकडे बघितलं. आई दुसरीकडे बघत होती.

त्यानंतर मी आईच्या हातचं खाणं बंद केलं. लाडू आणला, नको. भाकरीचा तुकडा, नको. केळं सोलून दिलं तर मी ते बोटांनी कुस्करून आत काही आहे का बघायचे आणि काही नसलं तरी खायचे नाही. हळूहळू इस्पितळातलं जेवणही जाईना. ज्या दिवशी आई येणार त्या दिवशी मी चादर डोक्यावरून ओढून घ्यायचे. ती यायची, स्टुलावर बसायची आणि मी चादरीच्या आत घामाघूम होऊन तिची शिक्षा मोजत राहायचे. माझ्या हुशारीचा हा दुसरा नमुना. शिक्षा तिला होती की मला, हे मला कळत नव्हतं.

मी वाळायला लागले. मोठे डॉक्टर म्हणाले, आता प्लास्टर घालायला हवं, पण अशा अंगावर कसं घालू? आणि आईला मराठीत सांगितलं, कारण त्या दिवशी दादा आले नव्हते, "बाई, औषध एकटं काही करत नाही. पोटात अन्न नसेल तर हा सांधा भरून येणार नाही. मग पायाचं काही सांगता येत नाही आणि मुलीचंही."

हे मी चादरीखालून ऐकलं.

त्यानंतरच्या बुधवारी आई आली ती रिकाम्या हातानं. चादरीच्या फटीतून मला तिच्या मांडीवर डबा दिसला नाही. मग तिनं सिस्टरांकडून त्या पावडरीची पुडी मागून घेतली, उघडली आणि चिमूटभर स्वतःच्या जिभेवर टाकली. तिचा चेहरा असा काही वाकडा झाला की मला हसू आलं. चादर हलली असणार.

"कुमे," ती म्हणाली, "हे मी शिऱ्यात घातलं होतं. किती कडू असतं ते मला माहीत नव्हतं."

मी चादर नाकापर्यंत खाली घेतली.

ती म्हणाली, तू लंगडत होतीस तेव्हा मी खोटं समजले. आणि इथे आणताना मी तुला खोटं सांगितलं. टांग्यात तू माझा हात धरला होतास तेव्हाच सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. आता तू दुखतं म्हणालीस की मी दुखतं असंच धरणार. आणि मी सांगेन ते तू खरं धर. जे मला माहीत नसेल ते माहीत नाही म्हणून सांगेन.

मग तिनं प्लास्टरचं सांगितलं. 'हिप स्पायका' म्हणतात त्याला. बरगड्यांखालपासून कमरेभोवती आणि आजारी पायाच्या बोटांपर्यंत सगळं प्लास्टर. सांध्यानं अजिबात हलायचं नाही म्हणून. कित्येक महिने तसंच पडून राहायचं. शी-शूसाठी मधे जागा ठेवतात, हेही तिनं सांगितलं, कारण मी तेच विचारणार हे तिला ठाऊक होतं.

"घालताना दुखेल?"

"दुखेल. किती ते मला माहीत नाही."

दादा, मामा, सिस्टर, सगळ्यांनी तिला बजावलं होतं की पोरीला आधीपासून सांगू नका, उगाच धसका घेईल. मला धसका बसलाही. पण पावडर मी त्या दिवशी तिच्या हातून, पाण्याबरोबर, उघड उघड घेतली. आणि नंतर विचारलं, डबा का नाही आणलास?

निघायची वेळ झाली तेव्हा तिनं आणखी एक ठरवलं. ती म्हणाली, मी आता डोळा चुकवून जाणार नाही. 'येते' म्हणेन. तू 'ये' म्हटलंस की मगच उठेन.

एवढी सत्ता आठ वर्षांच्या मुलीच्या हाती द्यायची नसते. पुढच्या रविवारी मी 'ये' म्हटलंच नाही. एक गोष्ट सांग म्हटलं. मग दुसरी. मग पहिलीच परत. घंटा झाली, वॉर्ड रिकामा झाला, सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आईला ओरडा बसू लागला. नियम कळत नाहीत का, तुम्हालाच काय वेगळी मुलगी आहे? आई शाळेतल्या मुलीसारखी खाली मान घालून ऐकत होती आणि स्टूल काही सोडत नव्हती. एकदाही माझ्याकडे 'आता तरी म्हण' अशा नजरेनं बघितलं नाही.

मग मलाच कसंतरी झालं. मी 'ये' म्हटलं. त्यानंतर मी घंटेच्या जरा आधीच म्हणायचे. हिरू म्हणायची, मी हातातली वेळ फुकट घालवते.

अंग धरल्यावर प्लास्टर घातलं. दुखलं. आईला माहीत नव्हतं तेवढं दुखलं. पण आधीच माहीत असलेलं दुखणं वेगळं असतं, एवढं मी अनुभवानं सांगते.

प्लास्टरमधले दिवस सगळे सारखे. सकाळी इंजेक्शन, मग पावडर, मग छताकडे बघणं. हिरूलाही प्लास्टर घातलं होतं. आम्ही दोघी पुतळ्यांसारख्या शेजारी शेजारी. हिरूला चिंचोक्यांचे फासे खेळता यायचे. चिंचोका मधोमध फोडायचा, एक बाजू पांढरी, एक काळी. चार अर्धुकं टाकायची आणि किती पांढऱ्या पडल्या ते बघायचं. पण वॉर्डमध्ये चिंचोक्यांना बंदी होती, कारण एका लहान मुलानं नाकात घालून घेतला होता. मी आईकडे हट्ट धरला. आईनं ते फोडून, पदराच्या गाठीत बांधून आणले. आमची एवढी खरं बोलणारी आई! पण सिस्टरांशी तिचा काही करार झालेला नव्हता.

छातीवर पाटी ठेवून आम्ही खेळायचो. एके दिवशी एक अर्धुक उडालं आणि माझ्या प्लास्टरच्या वरच्या कडेतून आत गेलं. मी हलले, डुलले, ते आणखी खाली गेलं. पाठीखाली.

आधी टोचलं. मग खाजलं. मग तिथे विस्तव ठेवल्यासारखं जळायला लागलं. मी सिस्टरांना सांगितलं, जळतंय. त्या म्हणाल्या, प्लास्टरमध्ये सगळ्यांनाच होतं. धाकटे डॉक्टर राउंडला आले, त्यांनी बोटं हलवून बघितली, ताप बघितला, आणि सिस्टरांना म्हणाले की मुलं लक्ष वेधून घेण्यासाठी असं करतात. दोघांचीही चूक नव्हती. चिंचोक्याचं मी सांगितलंच नव्हतं.

ओरडा बसेल म्हणून नाही. ओरड्याला मी कधीच घाबरले नाही. पण चिंचोके कुणी आणले हे विचारणार, आणि मग आईला येऊ देणार नाहीत. एवढा हिशेब मी केला होता. त्यापेक्षा जळलेलं बरं.

बुधवारी आई आली. मी हसून दाखवलं. ती स्टुलावर बसली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठे दुखतंय?"

मी म्हटलं, "पाठीत. जळतंय."

तिनं खाज असेल, प्लास्टरमुळे असेल, असलं काही म्हटलं नाही. कधीपासून, विचारलं. बोटानं दाखव म्हणाली. मी प्लास्टरवर बोट ठेवलं. आणि तिनं लगेच विश्वास ठेवला, म्हणून मग मला पुढचं लपवता येईना. कानाशी बोलावून मी तिला चिंचोक्याचं सांगितलं, आणि हेही की तू कुणाला सांगू नकोस, नाहीतर तुला येऊ देणार नाहीत.

आई उठली. त्या दिवशी एकदाच ती माझ्या 'ये'साठी थांबली नाही. वॉर्डच्या दाराशी जाऊन सिस्टरांना म्हणाली, "मुलीच्या प्लास्टरमध्ये चिंचोका गेलाय. चिंचोके मी आणून दिले होते. आधी डॉक्टरांना बोलवा, मग मला काय बोलायचं ते बोला."

मोठे डॉक्टर आले. त्यांनी आईला विचारलं, पोरीच्या सांगण्यावर एवढ्या महिन्यांचं प्लास्टर कापायचं? नक्की का? आई म्हणाली, "ती मला खोटं सांगत नाही." कळशीच्या काळातल्या कुणी हे ऐकलं असतं तर हसून मेलं असतं.

त्यांनी प्लास्टरला 'विंडो' पाडली. म्हणजे सगळं न काढता पाठीशी खिडकीएवढा चौकोन कापला. अर्धुक कातडीत रुतलं होतं. तिथली कातडी गेली होती. डॉक्टरांनी ते चिमट्यात धरून मला दाखवलं आणि आईला म्हणाले, "बरं झालं आज बोललात. आणखी राहिलं असतं तर कातडी मरून जळजळ थांबली असती, आणि आम्हाला वाटलं असतं, पोरगी शहाणी झाली. मग सगळं प्लास्टर काढावं लागलं असतं आणि तुमची एवढी मेहनत पाण्यात."

तर प्लास्टरमध्ये एकाच जागी जळतंय असं मूल म्हणालं तर ऐका. आणि जळायचं आपोआप थांबलं तर जास्तच ऐका.

सिस्टरांनी शिक्षा दिली, ती मात्र दिलीच. येत्या रविवारी आईनं यायचं नाही. आईनं स्टुलावर बसून मला सांगितलं, "रविवारी मी येणार नाही. बुधवारी येईन."

रविवारी सगळ्यांकडे माणसं आली. माझं स्टूल रिकामं होतं. मी पोळी खाल्ली, भाजी खाल्ली, पावडर घेतली. थोडी रडलेही, पण चादर डोक्यावरून घेतली नाही. हिरूच्या आईनं मला बोरं दिली आणि विचारलं, तुजी आयस नय आली? माझ्याऐवजी हिरूच म्हणाली, "बुधवारी येल. सांगून गेलीय ती."

ती बुधवारी आली.

वर्ष उलटून गेल्यावर प्लास्टर निघालं. नवा एक्स-रे आला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला आणि दादांकडे वळून इंग्रजीत सुरुवात केली. आई मधेच म्हणाली, "डॉक्टर, पाय तिचा आहे. तिला सांगा." दादा चपापले. ती बाहेरच्या पुरुषासमोर असं कधी बोलली नव्हती.

डॉक्टर माझ्या खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, क्षय बरा झाला. पण सांधा घट्ट झालाय, तो आता वाकणार नाही, आणि हा पाय बोटभर आखूड राहील. चालशील, पण लंगडशील.

मी आईकडे बघितलं. "खरं?"

"खरं," ती म्हणाली.

मी रडले, मग कुबड्या घेतल्या. डॉक्टरांचे शब्द बरोबर निघाले. मी आयुष्यभर लंगडतेय, आणि तशीच संसार, नोकरी, चार जिने आणि दोन नातवंडांच्या मागे धावणं, सगळं करून बसलेय. त्या डॉक्टरांची, खणखणीत सिस्टरांची आणि हिरूची मला अजून आठवण येते.

आईचं शेवटचं सांगते. ती ऐंशीच्या पुढे गेली आणि डोंबिवलीला माझ्या भावाच्या घरी न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. तोच, माझ्याच बाजूचा. ऑपरेशन ठरलं तेव्हा भाऊ म्हणाला, तिला काही सांगू नकोस, उगाच घाबरेल. मी स्टूल ओढलं, तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. लोखंडी पट्टी, स्क्रू, सगळं.

"दुखेल का गं?" तिनं विचारलं.

"दुखेल. किती ते मला माहीत नाही."

"चालेन?"

"तेही माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही."

तिनं मान हलवली आणि माझा हात धरला. टांग्यात मी धरला होता तसा. भेटीची वेळ संपली, नर्स येऊन उभी राहिली, भाऊ दारातून खुणा करू लागला. मी म्हटलं, "येते."

ती छताकडे बघत राहिली. नर्सनं दुसऱ्यांदा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, "आई, येते."

म्हातारी डोळे मिचकावून म्हणाली, "आधी एक गोष्ट सांग."

मी पुन्हा स्टुलावर बसले.